लूमिर व्होडनालचं डिझेल

आमच्या गावात ट्रक घ्यायचा झाला की माणूस आधी बायकोला विचारतो, मग बँकेला आणि मग लूमिर व्होडनालला. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं तरी काहीतरी वाट निघते. लूमिरनं नाक मुरडलं की विषय संपला. मी कॅफे चालवायला लागल्यापासून हे बघत आलेय, आणि आमच्या नेब्रास्कातल्या पुरुषांना ट्रकापुढे बाकी काही सुचत नाही हे माझं मत तेव्हापासून एकदाही बदललेलं नाही.

लूमिरची जागा खिडकीजवळच्या टेबलाच्या टोकाला. पाठ भिंतीला, तोंड सगळ्यांकडे, समोर काळी कॉफी आणि मनुक्यांचा कोलाचे, म्हणजे आमच्या चेक लोकांचा भरलेला गोड पाव. हे डिझेलवाल्यांचं टेबल. स्वयंपाकघराकडच्या दाराजवळ पेट्रोलवाले बसतात. त्यांचा पुढारी एल्डन क्रिझ. आयुष्यभर पोस्टात होता, घरोघरी पत्रं टाकली, आता निवृत्त आहे. कॉफीचे पैसे कुणी द्यायचे हे रोज फासे टाकून ठरतं आणि तेवढ्यापुरती दोन्ही टेबलं एकत्र येतात. फासे पडले की परत आपापल्या देशात.

कुणी येऊन विचारलं, "लूमिर, हेवी ड्युटी घेतोय. पेट्रोल घेऊ की डिझेल?" की लूमिर त्याला वरपासून खालपर्यंत बघायचा.

"तू काय ओढणार आहेस? ट्रेलर की टपाल?"

खिडकीकडचं टेबल हसायचं. एल्डन आपल्या अंड्यांवर मिरपूड घालत म्हणायचा, "टपाल वेळेवर पोचायचं हो. डिझेलवाले अजून इंजिन तापायची वाट बघत अंगणात बसलेत."

लूमिरला त्यावर उत्तर द्यायची गरज वाटत नसे. तो बोलतच राहायचा. ओढ म्हणजे काय, चढावर पेट्रोलचं इंजिन कसं किंचाळतं, डिझेल कसं खालच्या सुरात गुरगुरत चढतं, तीन लाख मैल म्हणजे डिझेलचं तारुण्य, वगैरे. त्याचं बोलणं अडवायची कुणाची छाती नव्हती. मला वाटायचं, काय हा आत्मविश्वास! जो अखंड बोलत राहतो त्याला ऐकावं लागत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्याची खरी कीर्ती मात्र कानांची. आसपासचे शेतकरी आपला ट्रक घेऊन यायचे आणि कॅफेसमोर चालू ठेवून आत निरोप पाठवायचे. लूमिर सावकाश उठायचा, टोपी नीट करायचा, बाहेर जाऊन बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचा. आख्खा कॅफे खिडकीला चिकटलेला. मग डोळे उघडून सांगायचा, "तिसरा इंजेक्टर." आणि तिसराच बिघडलेला निघायचा. पेट्रोलचा ट्रक आला तर हात खिशातून काढायचाही नाही. "हे शिवणयंत्र आहे. शिंप्याकडे ने," म्हणायचा.

आता खरी गोष्ट सांगते. लूमिरनं गुरं विकून चार वर्षं झाली होती. जमीन भाच्याला कसायला दिलेली. ओढायला काही उरलंच नव्हतं. आणि डिझेलला ओझं लागतं. ओझं घेऊन लांब पळालं की इंजिन तापतं आणि धुराच्या नळीतल्या जाळीत साचलेली काजळी जळून जाते. घर ते कॅफे आणि कॅफे ते घर, एवढ्यानं ती जळत नाही. ती तुंबते, आणि मग गाडी हट्टी घोड्यासारखी मध्येच अडून बसते.

म्हणून लूमिर गावभर ओझं मागत फिरायचा. कुणाचा पियानो हलवायचाय? कुणाच्या आत्याचं घर रिकामं करायचंय? आमच्या चर्चची बाकं पॉलिशला नेली. ती पॉलिशहून परत आली तशी हा पक्का कॅथलिक माणूस दुसऱ्या पंथाच्या ल्यूथरन लोकांच्या चर्चच्या दारात जाऊन उभा राहिला, "तुमची नेऊ का?" काहीच मिळालं नाही तर स्वतःच्या शेतातले दगड ट्रेलरमध्ये भरायचा, मोठ्या हायवेवरून फिरवून आणायचा आणि होते तिथे परत ठेवायचा. मी एकदा विचारलं, "दगडांना आवडला का प्रवास?" तर म्हणाला, "डिझेलला आवडला."

एवढं सगळं करून तो पेट्रोल का घेत नाही, हे कोडं कुणालाच पडलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. मान. ज्या माणसानं आयुष्यभर पेट्रोलवाल्यांची टिंगल केली, तो आता कुठल्या तोंडानं पेट्रोल भरणार?

फक्त त्याची बायको आर्लिस हिला ते पटत नव्हतं. आर्लिस माझी मैत्रीण. उंचीनं बेताची, जिभेनं तिखट. दर रविवारी दुपारी ही दोघं पलीकडच्या गावच्या हॉलमध्ये पोल्का नाचायला जात. तरुणपणी तिथेच त्यांचं जमलं होतं. पण गेल्या उन्हाळ्यापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. लूमिर आपल्या ट्रकातून जायचा आणि आर्लिस मागून आपल्या चिमुकल्या कारमधून. हॉलमध्ये दोघं एकमेकांच्या मिठीत नाचायची आणि संपल्यावर दोन गाड्यांनी एकाच घरी यायची. गावानं जिभा सैल सोडल्या. मी आर्लिसला सरळ विचारलं.

"मी त्या खडखडाटात बसणार नाही," ती म्हणाली. "त्याला सांगितलंय, पेट्रोलचा घे, मी शेजारी बसते. नाही घेतलास तर एकटा जा."

"ट्रकाच्या आवाजासाठी नवरा सोडतेस?"

"आवाजासाठी नाही गं, रोझेला." तिनं कप खाली ठेवला. "मी बोलते आणि तो समोर रस्ता बघत 'हं' म्हणतो. मी गमतीचं काही बोलले तरी हं. दुःखाचं बोलले तरी हं. विचारलं तर म्हणतो, इंजिनात ऐकू नाही आलं. मग शांत गाडी घे म्हटलं तर घेत नाही. म्हणजे त्याला माझं ऐकायचंच नाही. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्या शेजारी मी कशाला बसू?"

ती हे रागानं बोलली असती तर मी थट्टा केली असती. ती अगदी सपाट आवाजात बोलली, म्हणून मला काळजी वाटली. नाताळ झाला की मी लिंकन शहरात बहिणीकडे जाऊन राहणार, असंही म्हणाली. किती दिवस, ते म्हणाली नाही.

जानेवारीत लूमिरच्या ट्रकानं कायमची मान टाकली. डीलरनं एकदाच आत डोकावून बघितलं आणि नवा घे म्हणाला. वर असंही म्हणाला की तुझ्या वापराला पेट्रोलच बरोबर: स्वस्त पडेल, थंडीत लवकर तापेल, धूर साफ करायला डिझेलला लागतं ते युरियाचं पाणी ओतत बसायला नको आणि जाळीचा जाच नाही. लूमिरनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचं वाक्य गिळून बसला. तरी ऑर्डर लिहायच्या आधी विचार कर म्हणून त्यानं आठवडाभर वापरायला एक गाडी दिली. पेट्रोलची. पांढरी, कोरी, किल्लीऐवजी बटणाची. हातात दुसरं काही नव्हतंच, असं डीलरचं म्हणणं. मला ते आजही खरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारा शून्याच्या कितीतरी खाली. अशा दिवशी आमच्याकडे कुणी गाडी बंद करत नाही. दारात चालू ठेवून आत येतात आणि दोन कप कॉफी होईपर्यंत ती बाहेर वाफ सोडत उभी असते. लूमिरही आला, पण पुढच्या दारात गाडी लावायची त्याला लाज वाटली. त्यानं ती मागच्या गल्लीत, माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी चालूच ठेवून लावली. आत येऊन चक्क चालत आल्याचा आव आणला. त्या थंडीत!

कॉफी झाल्यावर तो गुपचूप उठला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. मी त्याच वेळी पायरीवर मीठ टाकत होते. बर्फावर घसरून गिऱ्हाईक पडलं तर नसती पंचाईत. लूमिर आत बसला. बाहेरच्या गारठ्यातून गरम गाडीत शिरल्याबरोबर त्याचा चष्मा पांढराफटक झाला. तसाही त्यानं समोरच्या काट्यांकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. काटे बघून गाडी चालवणारा ड्रायव्हर नव्हे, हे त्याचं वचन होतं.

गाडीच्या मागून वाफेचा जाड लोट निघत होता. लूमिरनं बटण दाबलं. लोट थांबला. परत दाबलं, लोट सुरू. परत दाबलं, थांबला. मी मिठाचं डबडं हातात धरून उभीच. सुरू, बंद, सुरू, बंद, सुरू. शेवटी त्यानं स्टिअरिंगवर मूठ हाणली, खाली उतरला, दार आपटलं आणि माझ्या अंगावरून तरातरा आत गेला.

गाडी चालू होती.

मी आत शिरेपर्यंत त्यानं कॅफेच्या मधोमध उभं राहून निकाल जाहीर केला होता. गाडी पेट्रोलची आहे हेही त्या भरात सांगून टाकलं.

"बघा! थंडीत पेट्रोल सुरू होत नाही! डीलरनं दिलेली कोरी गाडी आहे, आणि मेली आहे!"

खिडकीकडच्या टेबलानं टेबल बडवलं. मिलो नावाचा त्यातला एक आडदांड गडी तर खुर्चीवरच उभा राहिला. एल्डनचा चेहरा पडला. त्यानं रुमाल टेबलावर फेकला. "वाटेल ते काय बोलतोस? कोरी गाडी थंडीला मरते? मी बघतो." आणि तो मागच्या दाराकडे निघाला.

मी लूमिरकडे बघितलं. चेहऱ्यावर विजय होता, पण डोळे माझ्याकडे लागले होते. आणि ते डोळे विजयी माणसाचे नव्हते. त्याला गाडीचं काय झालंय हे माहीत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं. बॉनेटवरचा तो तळहात मला एकदम आठवला. अरे देवा, म्हटलं, हा माणूस ऐकत नव्हताच. हातानं चाचपत होता.

"एल्डन, खाली बस," मी म्हटलं. "तुझा पॅनकेक थंड होतोय आणि मी दुसरा देणार नाही. मी बघते."

मी बाहेर गेले, गाडीत हात घातला, बटण दाबून ती बंद केली आणि आत येऊन सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेलीय. बॅटरी असेल, काय असेल, मला काय कळतं?"

खोटं बोलताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटलं. कारण त्या आठवड्यात ती बातमी आमच्या आख्ख्या काउंटीत फिरली. आधी पेट्रोलची एक गाडी सुरू झाली नाही, मग तीन झाल्या नाहीत, मग म्हणे कुणीतरी रस्त्यात गोठून मरता मरता वाचलं. दोघा-तिघांनी पेट्रोलच्या ऑर्डरी बदलून डिझेल केल्या. शाळेतल्या संगीताच्या मास्तरनं, ज्याला एका कुत्र्याशिवाय काही न्यायचं नसतं, त्यानंही डिझेल मागवलं. डीलर माझ्याकडे ॲपल पाय खायला यायचा तो यायचा बंद झाला. एल्डन कुणाशी न बोलता जेवू लागला. आणि लूमिर? लूमिर राजा झाला. आता तर त्यानं पेट्रोल घ्यायचा प्रश्नच उरला नव्हता. शुक्रवारी डीलरकडे जाऊन डिझेलच्या ऑर्डरीवर सही करणार, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

गुरुवारी गर्दी ओसरल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन बसले. कोलाचेची बशी माझ्या हातात होती. ती मी त्याच्यासमोर ठेवली नाही.

"लूमिर, ती गाडी चालू होती."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. इतकी वर्षं मला वाटायचं, म्हातारा रसिक आहे.

"कोण म्हणतं?"

"मागून निघणारी वाफ म्हणते. चार वेळा बंद केलीस आणि चार वेळा चालू. तुला पत्ता नव्हता."

त्यानं हात टेबलाखाली घेतले. आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं.

"डिझेल खुर्चीतून कळतं," तो हळूच म्हणाला. "पाठीला कळतं. पायाला कळतं. हे पेट्रोल... मेलेल्या माणसाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं. चालू आहे की बंद, काही समजत नाही."

"मग कानाच्या डॉक्टरकडे जा."

"आणि गावाला काय सांगू? लूमिर व्होडनालच्या कानात मशीन? उद्यापासून कोण येईल माझ्याकडे इंजिन घेऊन?"

"गावाचं मला सांगू नकोस. आर्लिसला सांग. ती समजतेय की तुला तिचं ऐकायचं नाही. लिंकनला चाललीय ती. बॅग काढलीय, मी डोळ्यांनी बघितलीय."

बॅग मी बघितली नव्हती. पण एकदा खोटं बोलायला लागलं की हात मोकळा होतो.

लूमिरनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"उद्या सकाळी ती इथे चर्चसाठी कोलाचे न्यायला येणार आहे," मी म्हटलं. "डीलरकडे जायच्या आधी तिला सांगायचं. नाही सांगितलंस तर मी सांगेन. आणि एल्डनलाही सांगेन. आणि मनुक्यांचा कोलाचे तुला या जन्मात मिळणार नाही."

शेवटच्या धमकीनं तो हलला असं मला वाटतं.

शुक्रवारी आर्लिस आली तेव्हा लूमिर आधीच कोपऱ्यात येऊन बसला होता. टोपी हातात. दाढी केलेली. तिनं त्याला बघितलं आणि तिचं तोंड आवळलं. "सही करून आलास का डिझेलची?"

"आर्लिस, बस."

ती बसली नाही. मी कोलाचेची खोकी बांधत होते. एकच दोरी पाच वेळा बांधली, पण तिथून हलले नाही.

"आपण पेट्रोलचा घेऊ," लूमिर म्हणाला.

"का? एकदम?"

त्यानं टोपी फिरवली, परत फिरवली. "मला ऐकू येत नाही. फार थोडं येतं. माणूस समोर असला, तोंड दिसलं, की जमवून नेतो. गाडीत तू शेजारी असतेस. तोंड दिसत नाही."

आर्लिस उभीच.

"डिझेलमध्ये तुझं ऐकू आलं नाही की मी इंजिनावर ढकलायचो. तूही म्हणायचीस, हा मेला खडखडाट. मला बरं वाटायचं. पेट्रोल घेतलं असतं तर गाडी शांत असती. आणि ऐकू न येणारा मी एकटाच उरलो असतो."

मला रडू आलं हे मी लपवत नाही. मी दोरीला गाठ मारत राहिले. ट्रक ओढ घेतो की नाही, तीन लाख मैल पळतो की नाही, थंडीत सुरू होतो की नाही, यावर या माणसानं आम्हाला वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली होती, आणि हे होतं त्याच्या डिझेलचं कारण.

आर्लिस खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"कधीपासून?"

"गुरं विकली त्याच्या बरंच आधीपासून."

"तुझी आई आपल्याकडे राहायला आली तेव्हा?"

"तेव्हासुद्धा."

आर्लिस त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतेय, म्हणून मी फडकं घेऊन धावले. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"देवा रे! त्या ट्रकात बसून मी तुझ्या आईबद्दल काय काय बोललेय! दर रविवारी! जाताना आणि येताना! आणि तू एकदासुद्धा चिडला नाहीस. हं म्हणायचास. मला वाटायचं, ऐकत नाही मेला माझं बाकी काही, पण आईच्या बाबतीत काय मोठ्या मनाचा नवरा मिळालाय!"

लूमिरच्या कपाळावर आठी पडली. "काय बोललीस आईबद्दल?"

आर्लिसनं डोळे पुसले, कोलाचेची खोकी त्याच्या हातात दिली आणि आपल्या चिमुकल्या कारची किल्ली पर्समधून काढली.

"चल," ती म्हणाली, "गाडीत सांगते."